ओढा नकाशावर आणा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. सहायक संचालक, नगररचना,
आमची महानगरपालिका

विषय : प्रारूप विकास आराखड्याच्या डिजिटल नकाशातून ओढा गायब झाल्याबाबत

स.न.वि.वि.

आपल्या महापालिकेने नुकताच शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. सोबतच्या अहवालात उपग्रह प्रतिमा आहेत, ड्रोन सर्वेक्षण आहे, जीआयएस (संगणकावर थराथराने मांडलेला नकाशा), सेन्सर, डॅशबोर्ड असे सगळे आहे. शाश्वत विकासावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात हिरव्या रंगाची चित्रे भरपूर आहेत. ते प्रकरण नीट वाचून मी नकाशा उघडला आणि आमच्या भागातला ओढा शोधू लागलो. टेकडीपासून महामार्गाच्या मोरीपर्यंत तो आहे. मोरीच्या पुढे नाही. साधारण पाऊण किलोमीटरनंतर, रिंगरोडच्या पलीकडे, तो पुन्हा उगवतो आणि नदीला मिळतो. मधल्या पट्ट्यात पिवळा रंग भरला आहे. पिवळा म्हणजे निवासी.

शहराचे नाव या पत्रात घातलेले नाही, ते मुद्दाम. आपण ओळखालच. पण महाराष्ट्रातल्या इतर शहरांत हे पत्र कोणी वाचले, तर त्यांनीही आपापला ओढा नकाशावर आहे का, ते पाहावे.

माझा यात संबंध दोन बाजूंनी येतो. एक तर त्या पिवळ्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला आमची सोसायटी आहे. जोराचा पाऊस झाला की पाणी मागच्या कंपाउंडच्या भिंतीला धडकते, तिथून तळमजल्याच्या पार्किंगमध्ये शिरते आणि सकाळी सगळे जण स्कूटरच्या सायलेन्सरमधले पाणी काढत बसतात. दुसरे म्हणजे मी आयुष्यभर भूकरमापक म्हणून नोकरी केली. ३३ फुटी साखळी ओढत मोजणी केली, प्लेन टेबल लावले, शेवटच्या वर्षांत ईटीएस हे अंतर-कोन मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्रही हाताळले. आता उपग्रहाच्या संकेतांवरून जागा अचूक सांगणारी कॉर्स केंद्रे आणि रोव्हर आले आहेत. ज्या हद्दीसाठी आम्ही दिवसभर उन्हात उभे राहायचो, ती आज बरीच लवकर आणि जास्त अचूक निघते. तेव्हा 'म्हाताऱ्याला कॉम्प्युटर नको आहे' असा या पत्राचा अर्थ कृपया कोणी काढू नये. मला कॉम्प्युटर हवा आहे, पण त्याला पाहिजे ते दाखवले पाहिजे आणि त्याने पाहिलेले आम्हालाही दिसले पाहिजे.

ओढा नकाशातून कसा जातो, हे मला कळते. आधारनकाशा उपग्रह प्रतिमेवरून करतात. प्रतिमा ढग नसलेल्या दिवसांतली, म्हणजे बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावरची असते. त्या दिवसांत आमच्या ओढ्यात पाणी नसते. वेडी बाभूळ, घाणेरी आणि बांधकामाचा राडारोडा असतो. काही ठिकाणी त्यावर स्लॅब टाकून गाड्या लावल्या आहेत. वरून पाहणाऱ्याला ती मोकळी जागा दिसते. एजन्सीचा ऑपरेटर दुसऱ्या शहरात बसून त्या जागेभोवती रेघ काढतो आणि यादीतून 'रिकामा भूखंड' निवडतो. त्याचा दोष नाही, त्याने इथला पावसाळा पाहिलेला नाही. पुढच्या टप्प्यात त्या रिकाम्या भूखंडाला झोन मिळतो. पाण्याला मात्र झोन दाखला लागत नाही. ते जुन्या वाटेनेच येते.

ही जुनी वाट कुठे लिहिलेली नाही, असेही नाही. भूमी अभिलेख कार्यालयातल्या गाव नकाशावर हा ओढा दोन समांतर रेघांनी काढलेला आहे. शेजारच्या गटांच्या टिपणांत, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदींत, त्याची रुंदी जागोजाग मोजून लिहिली आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशावर तो निळ्या रेघेने आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० सांगते की नद्या, ओढे, नाले यांचे पात्र शासनाच्या मालकीचे. म्हणजे खासगी जागा निवासी दाखवली असा हा किरकोळ घोळ नव्हे. सरकारी मालकीचे पात्र निवासी झोनमध्ये गेले आहे.

माझ्या पुतण्याची मुलगी अभियांत्रिकीला आहे. तिने क्यूजीआयएस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घेतले, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून जमिनीच्या उंचसखलपणाची माहिती उतरवली आणि पाणी कुठून कुठे वाहील, ते एका संध्याकाळी काढून दाखवले. संगणकाने काढलेली रेघ आणि गाव नकाशावरची शाईची रेघ मोरीच्या खाली जवळजवळ एकमेकींवर बसल्या. शंभर वर्षांपूर्वीचा मोजणीदार आणि आजची विद्यार्थिनी, दोघांना जो ओढा सापडतो तो कोट्यवधींच्या कंत्राटाला का सापडू नये?

आता तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार नकाशा ज्या रूपात दिला त्याबद्दल आहे. आपल्याकडे तो जीआयएस प्रणालीत थराथराने आहे : रस्ते, आरक्षणे (सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या जागा), विद्यमान जमीन वापर, समतल रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), पावसाळी गटारे. आम्हाला मिळाली ती स्कॅन केलेली पीडीएफ. मोठी करायला जावे तर गट नंबरांचे चौकोनी ठिपके होतात. ३ आहे की ८, हे ओळखण्यासाठी शेजारचे नंबर मोजत जावे लागते. केंद्र सरकारने २०१२ मध्ये माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण आणले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे व भू-माहितीवरचे बरेचसे निर्बंध उठवले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. सार्वजनिक पैशातून तयार झालेली अशी माहिती लोकांना सहज मिळावी, हा या सगळ्यांचा रोख आहे. दिल्लीत खुले झालेले दार आमच्या नगररचना विभागात का अडते?

दुसरी तक्रार हरकती घेण्याच्या पद्धतीची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. आपण त्यासाठी ऑनलाइन अर्ज ठेवलात, चांगले केलेत. पण त्यात हरकतीचा प्रकार निवडावा लागतो : आरक्षण, रस्ता, झोन बदल, इतर. ओढा 'इतर' मध्ये. 'इतर' ला अक्षरांची मर्यादा. सोबत जोडायची फाईल लहान हवी, आणि आमचा नकाशा त्यात मावत नाही. शिवाय अर्ज करणाऱ्याचा स्वतःचा गट नंबर किंवा मिळकत क्रमांक सक्तीचा. ओढ्याला मिळकत क्रमांक नसतो. ओढ्याकाठच्या वस्तीतल्या बायकांनाही तो नाही, आणि पाणी सगळ्यात आधी त्यांच्याच घरात शिरते. कागदी अर्ज घेऊन खिडकीवर गेलो तर उत्तर मिळाले, 'काका, ऑनलाइनच टाका.' मी टाकला, मला जमते. त्या बायकांनी काय करावे?

तिसऱ्या तक्रारीचा मला खरोखर राग आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो. करआकारणीसाठी महापालिकेने ड्रोनने मिळकती मोजल्या. माझ्या गच्चीवर वाळवणासाठी घातलेले पत्र्याचे शेड त्यात सापडले आणि वाढीव कराची नोटीस घरी आली. सोबत शेडचा वरून काढलेला फोटो होता, इतका स्पष्ट की पत्र्यावर वाळत घातलेली चादर दिसत होती. कर मी भरला, त्याबद्दल तक्रार नाही. पण जे यंत्र माझी चादर पाहू शकते, त्याला वीस फूट रुंदीचा ओढा दिसत नाही, हे मी कसे मानू? यंत्राला तो दिसलाच असणार. तो कोणी विचारला नाही, इतकेच. करवसुलीचा थर वेगळ्या विभागाकडे, पावसाळी गटारांचा मलनिस्सारणाकडे, पुलांचा पथ विभागाकडे, आराखडा नगररचनेकडे, आणि चौघांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहायचे काम कोणाचेच नाही. आमच्याकडून काय वसूल करायचे ते शहराला बारीकसारीक दिसते. आम्ही शहराकडे पाहू लागलो की स्कॅन केलेली पीडीएफ पुढे येते.

चौथे, बांधकाम परवानगी. आपली ऑनलाइन प्रणाली आर्किटेक्टने दिलेले रेखांकन तपासते. सामासिक अंतरे, चटई क्षेत्र, जिन्याची रुंदी, पार्किंग, सगळे नियमांशी ताडून पाहते. कामाला वेग आला, टेबलाखालचे व्यवहार कमी झाले असतील तर आनंदच आहे. पण रेखांकनात जे काढलेच नाही ते ती तपासणार कशी? आराखड्यात ओढा नाही, म्हणून रेखांकनात नाही, म्हणून ओढ्यापासून सोडायच्या अंतराचा प्रश्नच उद्भवत नाही. पूर्वी कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन यायचा. त्याच्या बुटाला चिखल लागायचा, तेवढ्याने तरी कळायचे. उद्या त्या पिवळ्या पट्ट्यात बारा मजली इमारत उभी राहिली तर तिची प्रत्येक परवानगी नियमात बसलेली असेल.

पाचवी तक्रार दोन वाक्यांची. चौकातल्या स्मार्ट खांबावरचा फलक हवेची गुणवत्ता दाखवतो, मदतीचे बटण मात्र दाबून काही होत नाही. नियंत्रण कक्षाच्या भिंतीभर पडद्यांवर प्रत्येक सिग्नल दिसतो, पण मोरीखाली पाणी किती चढले ते सांगणारे एकही उपकरण शहरात नाही.

हे फक्त आमच्या गल्लीचे रडगाणे वाटू नये, म्हणून आसपासचे सांगतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. त्या पावसाने पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली, त्यांतली बरीच ओढ्यानाल्यांच्या काठची. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पहाटेच्या झोपेत पाणी शिरले. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेले पाणी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घुसले. पुणे आणि नागपूर ही दोन्ही शहरे स्मार्ट सिटी मिशनमधली. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या त्या मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली, आणि केंद्राच्या सांगण्यानुसार निवडलेल्या सर्व १०० शहरांत एकात्मिक नियंत्रण कक्ष उभे राहिले आहेत. कक्ष उभे राहिले हे खरेच. पाणी कुठून येणार, हे दाखवणारा नकाशा त्या कक्षांत आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. नदीची निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा खाते आखते : निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. ओढ्यांना अशी रेषा आखायला फारसे कोणी जात नाही. आणि माणसे मरतात ती बऱ्याचदा ओढ्याकाठीच.

चांगली उदाहरणेही आहेत आणि तीही दूरची नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातून धडा घेत मुंबईत जागोजाग स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, आणि जून २०२० पासून 'आयफ्लोज' ही पूर इशारा प्रणाली सुरू झाली. पाऊस, भरती, जमिनीचा उतार आणि नाल्यांची क्षमता एकत्र मांडून कोणत्या भागात किती पाणी साचेल याचा अंदाज ती देते. कर्नाटकात महसूल खात्याचे 'दिशांक' नावाचे ॲप आहे. मोबाइल हातात धरून जिथे उभे राहाल तिथला सर्व्हे नंबर ते जुन्या मोजणी नकाशासह दाखवते. बंगळुरात घर घेण्यापूर्वी लोक त्यावर राजकालुवे, म्हणजे जुने पाण्याचे कालवे, पाहतात. आपल्याकडे महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट नकाशे मिळतात, उपग्रह प्रतिमांवर काम करणारे नागपूरचे सुदूर संवेदन केंद्रही आहे. विकास आराखडा तेवढा त्यावर ठेवलेला नाही. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप आराखड्याचे काय झाले, तेही आपल्याला ठाऊक आहे. इतक्या चुका निघाल्या, कोळीवाडे-गावठाणे नीट दाखवलेली नव्हती, की मुख्यमंत्र्यांना तो मागे घ्यायला सांगावे लागले आणि मंजूर आराखडा यायला २०१८ उजाडले. लोकांना आधी नीट दाखवून विचारले तर वेळ वाया जातो, असे आपल्या कार्यालयात म्हणतात. न विचारता तीन वर्षे गेली, त्याचे काय?

अतिक्रमणाचेही बोलतो, नाहीतर सोयीपुरते लिहिले असे होईल. ओढ्यात आमच्या सोसायटीच्या भिंतीचा कोपरा आला आहे का, हे मोजून पाहा, असा अर्ज मी स्वतः दिला आहे. शेजारी त्यामुळे माझ्यावर नाराज आहेत. निघाला तर काढू. पण मोजणी वरच्या टोकापासून व्हावी. आजवर ओढा मोकळा करायची मोहीम निघाली की जेसीबी खालच्या झोपड्यांपासून सुरू होतो आणि वरच्या मंगल कार्यालयाच्या भरावापाशी पोहोचेपर्यंत पावसाळा लागतो. नकाशा खुला नसला की कारवाई कुठून सुरू करायची, हे ठरवणे सोपे जाते.

आमच्या मागण्या अशा :

१. आराखड्याचा आधारनकाशा आणि त्याचे सर्व थर, म्हणजे विद्यमान जमीन वापर, समतल रेषा, पावसाळी गटारे, ओढे-नाले, पूररेषा, आरक्षणे, हे केएमएल, शेपफाईल किंवा जिओजेसन या, नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडणाऱ्या रूपात संकेतस्थळावर टाकावेत. संरक्षण खात्याच्या जागा वगळाव्यात, त्याला कोणाची ना नाही.

२. हरकतींचे ३० दिवस, ही माहिती खुली होईल त्या दिवसापासून मोजावेत. कायद्याची अडचण असेल तर शासनाकडे मुदतवाढ मागावी. मागितल्याचे पत्र आम्हाला दाखवावे.

३. गाव नकाशे, टिपणे आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आधारनकाशावर बसवून हद्दीतला प्रत्येक ओढा उगमापासून नदीपर्यंत काढावा. त्यानंतर नगररचना, मलनिस्सारण आणि भूमी अभिलेखचे कर्मचारी यांनी नागरिकांसोबत तो चालत पाहावा. पावसाळ्यात पाहावा. मी आणि माझ्यासारखे तीन-चार निवृत्त मोजणीदार विनामोबदला येऊ.

४. तोवर त्या पाऊण किलोमीटरच्या पट्ट्यात आणि गाव नकाशावर ओढा असलेल्या प्रत्येक गटात नवी बांधकाम परवानगी थांबवावी. पुढे परवानगीच्या प्रणालीत ओढ्यांचा थर कायमचा घालावा. भूखंड त्याला लागून असेल तर प्रत्यक्ष पाहणीशिवाय प्रकरण पुढे सरकू नये.

५. आराखड्याच्या डिजिटल नोंदीला फेरफार असावा. सातबारावर कोणाचे नाव चढले किंवा उतरले तरी फेरफार क्रमांक पडतो, नोटीस निघते, हरकतीला वेळ मिळतो. पण एखाद्या बागेचे आरक्षण नकाशाच्या एका आवृत्तीत असते, पुढच्या आवृत्तीत नसते, आणि कोणी, कोणत्या तारखेला, कशासाठी बदलले याचा मागमूस राहत नाही. संगणकाला अशी नोंद ठेवणे कागदापेक्षा सोपे आहे. ती ठेवावी आणि सर्वांना दिसू द्यावी. सगळ्या मागण्यांत ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओढा एक आहे, बदल शेकडो असतील.

६. ओढ्यांवरच्या मुख्य मोऱ्यांना पाण्याची पातळी मोजणारी उपकरणे बसवावीत. त्यांचे आकडे नियंत्रण कक्षासोबत सर्वांच्या मोबाइलवर दिसावेत, आणि काठच्या वस्त्यांसाठी भोंगा असावा. ॲप उघडायला रात्री दोन वाजता कोणी जागे नसते.

७. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात आराखड्याची मोठी छापील प्रत भिंतीवर लावावी, समजावून सांगायला एक माणूस बसवावा, आणि कागदी हरकत शिक्का मारून पोच देऊन घ्यावी. मिळकत क्रमांकाची सक्ती काढावी.

यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मागणीला फारसा खर्च नाही. सहावीला आहे, आणि तो निघेल असे मला वाटते, कारण स्मार्ट खांबांना निघाला होता.

या पत्राची प्रत आम्ही माहिती अधिकाराच्या अर्जासह आपल्या कार्यालयात दिली आहे. त्या अर्जात आधारनकाशाच्या कंत्राटाच्या अटी, उपग्रह प्रतिमेची तारीख आणि त्या पट्ट्याचा जमीन वापर ठरवणारी टिप्पणी मागितली आहे. नियोजन समितीपुढच्या सुनावणीला आम्ही वीसेक जण येऊ. त्यात ओढ्याकाठच्या वस्तीतल्या बायकाही असतील, त्यांना अर्जाच्या क्रमांकावरून परत पाठवू नये. गाव नकाशा आणि आराखडा एकावर एक ठेवलेली प्रत सोबत आणतो आहोत. ती चार फूट लांब आहे, तेव्हा दालनात मोठे टेबल असावे, आणि प्रत्येकाला दोन मिनिटे असा नियम त्या दिवशी लावू नये.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
आणि ओढ्याच्या दोन्ही काठांचे रहिवासी